पाटी लावायला जागा नव्हती

ताहेरा,

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. टाळण्याचे माझे प्रकार तुला पाठ होते. विषय त्या वळणावर आला की मी चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर नांदेडची बस चुकेल म्हणून उठायचो. तू कधी अडवलं नाहीस. "निघा सर, उशीर केला तर अहमदपूरपर्यंत उभं राहावं लागेल," एवढंच म्हणायचीस आणि फाटकापर्यंत सोडायला यायचीस.

गेल्या आठवड्यात तुला निरोप द्यायला लातूरला आलो. तुझ्या भावानं हाताला धरून पुढं नेलं, म्हणून मूठभर माती मीही टाकली. नंतर तुझ्या कॉलेजातले लोक म्हणाले, शोकसभेत तुम्हीच बोला, तुमचीच ती विद्यार्थिनी. मी नाही म्हटलं. तिथं मी तुझं कौतुक केलं असतं, लोकांनी डोळे पुसले असते, आणि खरी गोष्ट पुन्हा एकदा माझ्या चष्म्याआड गेली असती.

खरी गोष्ट अशी की औशात आणि लातुरात आजही काही माणसं समजतात, अभ्यासाला पैसे मिळावेत म्हणून ताहेराबाईनं त्या डबेवाल्या बायकांची घरं देणगीदाराला दाखवली. तू तो डाग घेऊन गेलीस. तो तुझा नव्हता. हे छापून येईल तेव्हा ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं.

सुरुवात पोळ्यांपासून झाली, आठवतं? नांदेडला माझ्याकडे एम. ए. करून तू औशाच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागली होतीस. मी नुकताच निवृत्त झालो होतो. लातुरात क्लाससाठी गावोगावची पोरं येतात, त्यांच्या मार्कांबद्दल सगळं गाव बोलतं. तू एकदा म्हणालीस, "सर, ह्या पोरांना जेवायला कोण घालतं, हे कुणी विचारलंय का?" डबे करणाऱ्या बायकांचा अभ्यास करायचा तुझ्या मनात होता. मोठा नाही. दोन गल्ल्या, बस.

अनुदानासाठी तू प्रस्ताव केलास आणि खर्चात एक बाब घातलीस: पोळ्या लाटणाऱ्या बाईची मजुरी. तुझं म्हणणं सरळ होतं. डबे करणाऱ्या बाईला बोलायला वेळच नसतो. सकाळचे डबे गेले की संध्याकाळच्या भाज्या चिरायला बसते. ती आपल्याशी तासभर बोलणार, तर त्या तासाच्या पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटल्या पाहिजेत, आणि त्या बाईला पैसे दिले पाहिजेत. अनुदानाच्या कार्यालयातला माणूस हे वाचून इतका हसला की शेजारच्या टेबलावरचेही उठून आले.

"मॅडम, हे संशोधन आहे का भंडारा?"

"भंडाऱ्यात रांधणाऱ्यांना निदान जेवायला तरी मिळतं, साहेब," तू म्हणालीस.

मी तुला बाहेर घेऊन आलो आणि सांगितलं, पोळ्या काढून टाक, 'क्षेत्रकार्य साहाय्य' असं लिही. तू ऐकेनास.

"पोळीला पोळी म्हटलं तर काय बिघडतं, सर?"

"अनुदान बिघडतं."

स्टँडपर्यंत आपण भांडत आलो. प्रस्ताव परत आला, शेरा होता की अभ्यासाची व्याप्ती फार लहान आहे. तू तो शेरा वाचून हसलीस. "लहान आहे म्हणून तर पैसेही लहानच मागितले." त्या दिवशी तू म्हणालीस, जाऊ द्या सर, मी पगारातून करते, पोळ्या मीच लाटीन. मी ऐकायला हवं होतं. पण मला वाटत होतं, पैसे देणारा कुणी असला की कामाला वजन येतं. खरं सांगायचं तर मलाच वजन हवं होतं. निवृत्त माणसाला घरात कुणी काही विचारत नाही, आणि एखाद्या अभ्यासावर 'मार्गदर्शक' म्हणून नाव छापून येणं मला फार मोठं वाटत होतं.

मग आपली वणवण सुरू झाली. तू स्कूटीवर पुढं, मी मागं, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं सीटची कड धरलेली. लातूरची माणसं वळून बघायची. तू म्हणायचीस, "सर, ताठ बसा. लोकांना वाटतंय मी वडलांना दवाखान्यात नेतेय." क्लासवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं: "डब्याचा अभ्यास करणार म्हणजे आमच्या पोरांच्या आई-बापांना घाबरवणार तुम्ही." पतसंस्थेवाले तयार होते, फक्त अहवालात त्यांच्या ठेव योजनेचं एक पान हवं होतं. एका डॉक्टरांनी चहा पाजला आणि दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

शेवटी डाळमिलवाले शेटजी. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. भुवयांवर तुरीची धूळ घेऊन ते बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, मी देवळाला पंखे दिले, पंख्याच्या पात्यावर नाव हाय. स्टँडवर बाकडं दिलं, पाठीवर नाव हाय. पाणपोई बांधली, तिला पाटी हाय. तुमच्या ह्या कामाला पाटी कुठं लावायची?"

"पहिल्या पानावर लावू की, शेटजी," तू म्हणालीस.

"ते पान वाचनार कोण?"

"मी आणि सर."

ते पोट धरून हसले. मग म्हणाले की त्यांची आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जायची. तिच्या नावानं देतो. निम्मे आता, निम्मे मागून. "फक्त कायतरी दिसलं पाहिजे बगा."

"दिसेल," मी म्हणालो. तो शब्द माझा होता, ताहेरा, तुझा नव्हता. सिग्नलला स्कूटी थांबली तेव्हा तू मान वळवून विचारलंस, "सर, काय दिसणार आहे?" मी म्हणालो, बघू पुढचं पुढं.

त्यानंतरचे महिने तुझ्या आयुष्यातले चांगले असावेत. माझ्या तर नक्कीच होते. एक पोळ्या लाटणारी बाई आपण ठरवली होती, तिला सोबत घेऊन तू घरात शिरायचीस आणि हेल्मेट माझ्या मांडीवर ठेवून जायचीस. पुरुष माणूस आत आला तर बाया बोलणार नाहीत, म्हणून मी बाहेर स्कूटीवर बसून असायचो. आतून कधी लाटण्याचा आवाज यायचा, कधी हसणं, कधी बराच वेळ काहीच नाही. मजुरीनं बाई ठरवली होती तरी तूही लाटणं घ्यायचीस. हात कामात असले की माणसाला तोंडाकडे बघावं लागत नाही, मग ते बोलतं, असं तू मला सांगितलं होतंस. बाहेर येताना तुझ्या बाह्यांना पीठ लागलेलं असायचं.

सुमनबाईच्या दाराशी पुरुषाच्या चपला असायच्या. कोल्हापुरी, कोरड्या, पायाचा ठसाही न उमटलेल्या. मला वाटलं, नवरा घरी असेल. तू बाहेर आलीस ती सरळ स्कूटी सुरू केलीस. पाण्याच्या टाकीपाशी थांबून म्हणालीस, "नवरा पुण्याला कंपनीत आहे असं सांगते गल्लीत. त्यानं टाकून दिलंय कधीचंच. चपला ती बाजारातून आणते. दिवाळीला शर्ट आणते, धुऊन दोरीवर घालते. पोरीचं लग्न होईपर्यंत असंच चालवायचं म्हणते." मग म्हणालीस, "सर, हे तुम्हाला पण सांगायला नको होतं. तिला शब्द दिलाय मी."

अशा आणखीही निघाल्या. दोन गल्ल्यांत पुण्याला आणि सुरतेला असलेले बरेच नवरे कुठंच नव्हते. हा तुझ्या अभ्यासाचा गाभा होता आणि तो कुणाचंही नाव न घेता सांगायचा होता.

तेवढ्यात शेटजींचा फोन आला. "सर, आजून काई दिसंना." त्यांनीच तोड काढली. आईच्या वर्षश्राद्धाच्या निमित्तानं त्या बायांना एकेक साडी देऊ. "कुनाला काई इचारनार न्हाई. फक्त घरं दाखवा."

तुझे त्या दिवशी औशाला तास होते. मी नांदेडहून परस्पर मिलवर गेलो. तुला फोन करायला हवा होता. केला नाही, कारण तू नको म्हणाली असतीस.

जीपच्या पुढच्या सीटवर मी, मागं शेटजींचा मॅनेजर साड्यांचा गठ्ठा घेऊन. मी काच वर करून बसलो आणि बोटानं दाखवत गेलो. हे निळं दार. ते, शेवग्याच्या झाडाचं. आणि ते पुढचं, दाराशी चपला आहेत ते. ज्या चपलांनी तिनं आपलं घर झाकलं होतं, त्यांच्यावरूनच मी ते ओळखलं. मॅनेजर प्रत्येक दारात म्हणत होता, "ताहेराबाईच्या कॉलेजात कार्यक्रम हाय, बाईनं बोलावलंय, गाडी येईल न्यायला." हे मला नंतर कळलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. काच तेवढी जाड नव्हती.

कार्यक्रम तुझ्याच कॉलेजच्या सभागृहात. तुला सांगितलं होतं की शेटजींचे आभार मानायचे आहेत. बाया गाडीतून उतरल्या, नव्या साड्या नेसून, तुझ्याकडे बघून हसत, आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी व्यासपीठावर होतो. माझ्या पुढ्यात गुच्छ होता. मी गुच्छ सरळ करू लागलो.

मग माईकवरून जे व्हायचं ते झालं. आपल्याकडे कुणाला मान द्यायचा तर शाल, श्रीफळ आणि माईक हे एवढंच आपल्याला सुचतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांना शेटजींनी भल्या मनानं सांगितलं होतं, ह्या बाया कोण आहेत ते नीट सांगा, लोकांना कळू द्या त्यांचे कष्ट. आणि शेटजींना ते कुणी सांगितलं होतं? मीच. अभ्यास केवढा महत्त्वाचा आहे हे पटवून देताना. "नवऱ्यानं टाकलं तरी न डगमगता," असं म्हणून मास्तरांनी एकेकीचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. तू व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आलीस. "सर, थांबवा हे." मी खाली वाकून म्हणालो, "आता राहू दे. आणखी वाईट दिसेल."

सुमनबाईचं माहेर औशाजवळचं. तिच्या गावची माणसं सभागृहात बसली होती. तिनं शाल घेतली, नारळ घेतला, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खाली उतरताना तुला म्हणाली, "लई नाव केलंत बाई आमचं." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तिच्या पोरीची निलंग्याकडची सोयरीक मोडली. घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितलं.

तू अहवाल छापला नाहीस. शेटजींनी मागून द्यायचे पैसे तरीही दिले, शब्दाला पक्के होते. कॉलेजनं त्याचे सभागृहाला पंखे घेतले. पात्यांवर त्यांच्या आईचं नाव आहे. त्या पंख्यांखाली तू पुढं कितीतरी वर्षं उभी राहून शिकवलंस, आणि एकदाही मला त्याबद्दल टोमणा मारला नाहीस.

कॉलेजात बैठक झाली, बायांची माहिती बाहेर कशी गेली म्हणून. प्राचार्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मुलाखती सगळ्या ताहेराबाईंनी घेतल्या. मी घरात कधी गेलो नाही." यातला एकही शब्द खोटा नव्हता. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस. तू फक्त पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवलास, कारण मला ठसका लागला होता.

काही दिवसांनी तू नांदेडला आलीस. चहा झाला, आणि म्हणालीस, "सर, मी एकेकीच्या दारात जाऊन माफी मागून आले."

मी म्हणालो, "बरं झालं."

तू थोडा वेळ बसलीस. मला वाटलं, तू दमली आहेस. मग उठलीस.

त्यानंतर तुला अभ्यासासाठी कुणी पैसे दिले नाहीत. प्रस्ताव गेला की कुणीतरी म्हणायचं, त्या बाईंनी मागं घोळ घातला होता. तरी तू करत राहिलीस. भोकरच्या आठवडी बाजारातल्या बांगडीवाल्या बायांचा, औशाच्या स्टँडवरच्या हमालांचा, सगळे तुझ्या पगारातले, छोटे छोटे. आणि माझ्याशी तशीच राहिलीस. माझी बायको गेली तेव्हा सगळे बाहेरच्या खोलीत बसून होते, तू सरळ स्वयंपाकघरात गेलीस. परत जाण्याआधी मला कणीक मळायला शिकवलीस. "पाणी एकदम ओतायचं नाही, सर. तिला थोडं थोडं पाजायचं." मी आजही एकटा जेवतो ते तुझ्या हातचं शिकलेलं.

दोन-तीन वर्षांपूर्वी, तुझं दुखणं कळलं त्याच्या थोडं आधी, तू नवा अभ्यास सांगितलास. ज्यांचा अभ्यास झाला, त्यांचं पुढं काय झालं? आपण जाऊन प्रश्न विचारून येतो, नंतर त्या माणसांच्या आयुष्यात काय होतं, हे त्याच गल्ल्यांत जाऊन विचारायचं होतं तुला. "कुठून थोडे पैसे मिळतील का, सर? बाईची मजुरी आणि माझं रिक्षाभाडं." नांदेडच्या एका न्यासावर मी तेव्हा सल्लागार होतो. माझ्या एका सहीनं झालं असतं. मी म्हणालो, "असल्या अभ्यासाला कोण पैसे देणार?" मला पैशाची काळजी नव्हती, ताहेरा. त्या गल्लीत कुणीतरी जीपचं नाव घेईल, याची भीती होती.

"खरंय," तू म्हणालीस. "ह्याला पाटी कुठं लावणार?" आणि हसलीस. मीही हसलो.

तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला, तुझ्यासाठी दुवा मागायला, तुझ्या घरी आलो. फाटकाशी सुमनबाई उभी होती. केस पांढरे झालेत. हातात पिशवी, पिशवीत पोळ्या होत्या, तुझ्या घरच्यांसाठी आणलेल्या. तिनं मला ओळखलं. तिथं जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी दबक्या आवाजात तेच जुनं बोललं, बाई चांगली होती पण पैशापायी त्या बायांची घरं दाखवली. मला कसं सुचलं माहीत नाही, मी सुमनबाईला म्हणालो, "घरं बाईनं नव्हती दाखवली. मी दाखवली."

ती म्हणाली, "ठावं हाय की."

माझा हात चष्म्याकडे गेला.

"कणकेच्या हातानं दारातच हुभी व्हते मी. काचंतून तुमी बोट केलं. मला काय दिसंना व्हय?"

"मग बाईला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. माफी मागाया आली तवाच सांगितलं. म्हणलं, बाई, तुमी कामून रडायलाव, जीपमधी सर व्हते. तर म्हणली, सर माझेच हाईत. त्यांनी दाखवली म्हंजी मीच दाखवली. कुनाला सांगू नका." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पोरीचं मागून झालं बगा बरं. बाईनंच स्थळ आनलं व्हतं. ते काय तुमाला बोलली न्हाई?"

नाही, बोलली नाहीस.

म्हणजे त्या दिवशी नांदेडला तू सगळं कळूनच आली होतीस. "मी माफी मागून आले" म्हणालीस आणि बसून राहिलीस, ती दमली म्हणून नव्हे. माझ्या बोलण्याची वाट बघत होतीस. तुला माझी फजिती नको होती, चारचौघांत कबुली नको होती. माझ्याच घरात, चहाचे कप मध्ये असताना, एक वाक्य हवं होतं. ते तू कितीदा माझ्या तोंडाशी आणून ठेवलंस. पंख्यांबद्दल गप्प राहून. ग्लास सरकवून. तो शेवटचा अभ्यास माझ्यापुढं ठेवून. तो अभ्यास तू माझ्यासाठीच आणला होतास का, हे आता कुणाला विचारू?

सुमनबाईच्या मी पाया पडलो. तिनं पाय मागं घेतले आणि म्हणाली, "मला नगा. तिला म्हणायचं व्हतं."

मी कितीदा तरी तुझ्या फाटकाशी आलो होतो हे म्हणायला. शेवटचा आलो तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करत होतीस. मी चष्मा पुसला. बसची वेळ झाली म्हणालो. तुला उठवत नव्हतं, तरी तू म्हणालीस, "सर, फाटक नीट लावा." मी नीट लावलं.

ताहेरा, घरं मी दाखवली होती. तू मला 'थांबवा' म्हणालीस तेव्हा मी थांबवलं नाही, आणि मग तुला पुढं करून मागं लपलो. मला माफ कर.